शिक्षेची जागा

‘स्टार ट्रेक : लोअर डेक्स’ ही अंतराळात घडणारी अमेरिकन विनोदी कार्टून मालिका. २०२० साली सुरू झाली, पाचव्या हंगामानंतर डिसेंबर २०२४ मध्ये संपली. कार्टून असले तरी ते मोठ्यांचे आहे. लहानांपुढे लावू नये.

नवे ग्रह गाठण्याचा मान इतर जहाजांचा. मागाहून जाऊन उरलेली कामे उरकणारे जहाज म्हणजे ‘सेरिटोस’. फ्रीमन त्याची कॅप्टन आणि तिचीच मुलगी मरिनर हाताखाली कनिष्ठ अधिकारी. तिसऱ्या हंगामात आईला वाटते, मुलीने पत्रकाराजवळ जहाजाची बदनामी केली. विचारपूस न करता ती मुलीला ‘स्टारबेस ८०’ या जुनाट, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेल्या तळावर पाठवते. मागून कळते, मुलीने तर कौतुकच केले होते!

शेवटच्या हंगामात सेरिटोसला त्याच तळावर थांबावे लागते. साधने जुनी, पण माणसे मन लावून काम करणारी आढळतात. अखेरच्या भागात दुसऱ्या विश्वांकडे जाणाऱ्या दाराशी हाच तळ नेला जातो आणि त्याची सूत्रे आई स्वतः घेते.

‘अभ्यास कर, नाहीतर गॅरेजवर बसवीन,’ ही धमकी आम्ही पालकसभेत दरवर्षी ऐकतो. उद्या तोच मुलगा खरोखर गॅरेजवर गेला, तर मान वर करून काम कसे करील? पालकहो, मुलाला रागावण्याआधी विचारा. आणि कोणाच्या रोजीला शिक्षा म्हणू नका.