मातीतलं औषध

लातूरच्या अडतीत सोयाबीनचं माप चालू असताना एका ओळखीच्या काकांनी मोबाइल पुढं केला. न्यू जर्सीतल्या सूनबाईला गोचीड चावून होणारा लाइम आजार झालाय. तिथल्या डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्यात. व्हिडिओतला माणूस मात्र म्हणतो, लसूण, गुळवेल नि कडुलिंबानं हा आजार मुळासकट जातो. “निसर्गातलं ते. अपाय कसा होईल?” काकांचा बिनतोड सवाल.

बिनतोड वाटतो, तुटतो मात्र लगेच. 1948 मध्ये मिसुरीतल्या एका शेताच्या मातीतल्या जंतूपासून मिळवलेलं ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक जगापुढं आलं. बेंजामिन दुग्गर यांनी ते शोधलं, आणि त्यांच्या प्रयोगशाळेचं संशोधन आपले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव पाहत होते. डॉक्सी याच घराण्यातली. म्हणजे तीही मातीचीच लेक, फक्त प्रयोगशाळेत घडवून, पारखून, मोजून, गोळीत घातलेली.

उलट गुळवेलीकडं पाहा. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: वेल नीट ओळखलेली नव्हती, सारख्या दिसणाऱ्या वेली असतात. बरं, आक्षेप मान्य. मग कुंपणावरची वेल तोडून काढा उकळणाऱ्यानं तरी ती कशी ओळखली?

लाइमचा जंतू 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी ओळखला. तो वाहणारी गोचीड थंड, हरणांच्या रानातली. आपल्या लालकंधारी नि देवणी गाईंच्या कानात बसणारी वेगळी. पण डॉक्सीनंच बरा होणारा एक आजार आपल्याकडंही आहे: स्क्रब टायफस. गवतातल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या पिलाच्या चाव्यातून तो होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात त्यानं जीव घेतले. मराठवाड्यातल्या किनवट-माहूरहून विदर्भ किती लांब? पैनगंगेपलीकडं.

“पूर्वी लोक काढ्यानंच बरे होत ना?” होत. कारण औषध न घेताही यातले बरेच जण वाचतात, आणि श्रेय काढा घेऊन जातो. न वाचलेला सांगायला येत नाही. फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू बिघडायच्या आत डॉक्टरांनी डॉक्सी सुरू केली तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. काढ्याला हे दाखवता आलेलं नाही.

खोट एकाच बाजूची नाही. तापाचा रोगी आला की सलाइन लावायचं, विडाल चाचणी करायची, ‘टायफॉइड निघाला’ म्हणायचं, ही आपल्याकडची रीतच. सदरा काढून काख, जांघ, कंबर कोण पाहतं? सिगारेटचा चटका बसल्यासारखी स्क्रब टायफसची काळी खपली तिथंच लपलेली असते; दुखत नाही, खाजतही नाही, म्हणून रोगीही बोलत नाही. काही रोग्यांना ती नसतेच, तेव्हा नुसत्या खपलीवरही विसंबता येत नाही.

निसर्गाला काम आहेच, फक्त ते चाव्याच्या आधीचं. गोठ्यात मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या गोचिडी टिपतात. जनावरांच्या अंगाला करंज-कडुलिंबाचं तेल चोळणारे आजोबा वेडे नव्हते. बांधावरचं गवत कापावं, काढणीला पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, घरी येताच अंघोळ करून कपडे बदलावेत. अंगावर गोचीड बसलीच तर रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी.

काकांनी मोबाइल खिशात घातला. “किती दिवस घ्यायच्या म्हणं त्या गोळ्या?”

“डॉक्टरांनी सांगितलेत तितके. मधेच सोडू नको म्हणावं.”

“लसूण चालेल का सोबत?”

“फोडणीत.”