एका खोलीची शाळा

१७ सप्टेंबरला शिरड शहापुरात, औंढ्यात, साऱ्या मराठवाड्यात झेंडा फडकेल. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. भाषणांत निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार आणि भारत सरकारची पोलीस कारवाई येईल, यायलाच हवी. पण निजामाविरुद्धच्या लढ्याची सुरुवात बंदुकीने झाली नव्हती. ती शाळेत झाली.

निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते आणि खासगी शाळा काढायची तर परवानगी लागे. अशा राज्यात, १९२१ साली, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा उभी राहिली. व्यंकटेश खेडगीकर तिथे शिकवायला आले आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून त्यांनी मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. आडबाजूच्या गावातल्या एका शाळेने केवढे काम केले, हे आम्ही पुरेसे सांगत नाही.

आज तशाच आडबाजूच्या, वाडी-तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट घसरला आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा राज्यात होत्या. त्या जवळच्या ‘समूह शाळे’त विलीन करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने त्याच वर्षी मागवले. एकटेपणात मूल मागे पडते, मोठ्या शाळेत खेळ, प्रयोगशाळा, सोबती मिळतात, हे म्हणणे खोटे नाही. मात्र एका खोलीत पहिली ते चौथी एकत्र बसतात तेव्हा काय घडते, तेही पाहावे. गुरुजी फळ्यावर पहिलीला अक्षरे गिरवायला देतात, तेवढ्यात तिसरीची मुलगी दुसरीच्या पोराचे पाढे म्हणवून घेते, आणि चौथीचा धडा कानावर पडून दुसरीतल्या हुशार पोराला तो आधीच पाठ होतो. चांगला शिक्षक असेल तर ही खोली फार मोलाची. तो नसेल, किंवा निवडणूक, जनगणना नि माहिती भरण्यातच अडकला असेल, तर दोष खोलीचा नव्हे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. औंढ्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात ओढा आला की तेवढे अंतरही सहा वर्षांच्या मुलीला फार होते. समूह शाळेत नेणारी गाडी चार दिवस आली नाही की घरात पहिला विचार होतो तो तिची शाळा सोडवण्याचा. म्हणून विलीनीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावावर आधी ग्रामसभेत पालकांचे, विशेषतः आयांचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि भर पावसात ती वाट स्वतः चालून पाहिल्याशिवाय कोणत्याही अधिकाऱ्याने त्यावर सही करू नये.