कान तुटलेला कप

संक्रांत आली की आपण तिळगूळ वाटतो आणि गोड बोलण्याचा आग्रह धरतो. १४ जानेवारी १९९४ रोजी, याच सणाच्या दिवशी, मराठवाडा विद्यापीठाच्या नावास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. विधिमंडळाने नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ लाच केला होता. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे मेली. आणि आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतून एक गोड वाक्य ऐकू येत राहिले, 'मागणी रास्त आहे हो, पण आत्ताच कशाला?' ते वाक्य माझ्याही तोंडी होते.

आमचे घर सौसरकडील मोहगावचे. १९७९ साली मी नागपुरास कॉलेजात होतो. दिवाळीच्या सुटीत वर्गातला एक मित्र संत्र्यांचे बगीचे पाहावयास गावी आला. आजीने त्याचे आडनाव विचारले. थोड्या वेळाने चहा आला. मला नेहमीच्या कपात, त्याला छपरीच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. तो कप कोणासाठी असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मी गप्प राहिलो. मित्राने चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि पुन्हा कोनाड्यात नेऊन ठेवला. परतताना बसमध्ये तो फक्त परीक्षेविषयी बोलला.

पुढे नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे नामांतरासाठी लाँग मार्च निघाला. मित्र पायी गेला. मला 'चल' म्हणाला, तेव्हा मी अभ्यासाचे निमित्त सांगितले. वर असा सल्लाही दिला, की आधी लोकमत तयार होऊ द्यावे.

लोकमत कसे तयार होते, हे अमेरिकेतील चार विद्यार्थ्यांनी त्यापूर्वीच दाखविले होते. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील हे कॉलेजच्या पहिल्या वर्षातले कृष्णवर्णी तरुण १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी किरकोळ वस्तू विकत घेतल्या आणि मग गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या काउंटरशी बसून कॉफी मागितली. एका काउंटरवर ज्यांचे पैसे चालले, त्यांना दुसऱ्या काउंटरवर कॉफी मिळेना. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. आठवड्याच्या आत शेकडो झाले. जुलैअखेर त्या दुकानाला तो काउंटर सर्वांस मोकळा करावा लागला.

आमच्या घरचा हिशेब त्या दुकानासारखाच होता. शेतातला कापूस वेचणारे हात आम्हांस चालत. त्या हातांनी धरलेला कप मात्र आमच्या मांडणीत चालत नसे.

संस्थानी औदार्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो अनाठायी नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. परंतु १९१७ साली तेच विद्वान नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. दरबाराने शिष्यवृत्ती दिली. शेजार देणे मात्र घरांच्या हाती होते, आणि घरांनी ते दिले नाही. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून १९६३ साली लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांचा अधिक रोख उघड वैऱ्यांपेक्षा 'थोडे थांबा' म्हणणाऱ्या सज्जनांवर होता, तो उगीच नव्हे.

आज आमच्या कोनाड्यात तो कप नाही. पण खोली भाड्याने देताना, मुलीचे स्थळ पाहताना, आजीचा तोच प्रश्न आपण अधिक सफाईने विचारतो. वाचकांनी आपापल्या घरी हे पडताळून पाहावे.

मित्र पुन्हा मोहगावी आला नाही. मीही कधी बोलावले नाही. यंदा तिळगूळ घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे. त्या दिवशी छपरीत जे बोलावयास हवे होते, ते आता तरी बोलेन म्हणतो.