फिरवलेल्या निकालांची मोजदाद

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामावरून काढल्या गेलेल्या कामगाराची दाद कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अशा पायऱ्या चढत आली आहे. वरचे न्यायालय खालचा निकाल किती वेळा फिरवते, हे त्याला आधीच कळले तर लढायचे की तडजोड करायची, हे ठरवणे सोपे जाईल. विदा-विश्लेषण हे उत्तर देऊ शकेल, असे आता सांगितले जाते.

हा दावा पोकळ नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या सत्रातील ७५ टक्के निकाल एका सांख्यिकी प्रारूपाने अचूक वर्तवले होते. कायदेतज्ज्ञांना ५९ टक्केच साधले. उलट, न्यायाधीशांचे असे नावानिशी विश्लेषण फ्रान्सने २०१९ मध्ये गुन्हा ठरवले. ही बंदी आम्हांस मान्य नाही. न्यायदान सार्वजनिक आहे, त्याची मोजदादही सार्वजनिकच हवी.

प्रश्न आहे तो मोजदादीतून काढायच्या अर्थाचा. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले; त्यांत नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते निकाल फिरवले. हा बहुमताचा निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने चुकीचा ठरवला. याच नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, त्वचेचा थेट स्पर्श नसेल तर पॉक्सो कायद्यातील लैंगिक हल्ला होत नाही, असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात तो रद्द केला, आणि ते योग्यच झाले.

तक्त्यात मात्र या दोन्ही नोंदी एकाच रकान्यात पडतील : ‘निकाल फिरवला’. एकीत खालच्या न्यायालयाचे धैर्य आहे, दुसरीत कायद्याचे संकुचित वाचन. हा रकाना न्यायाधीशाच्या गुणवत्तेचे माप ठरला, तर वरच्यांना रुचेल तेच लिहिणे शहाणपणाचे होईल, आणि आणीबाणीतल्यासारखा निकाल लिहायला कोणी धजणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे : अपील कोणी केले, किती वर्षे रखडले, गरीब पक्षकाराला वकील मिळाला का, हे अवश्य मोजावे. निकाल का फिरला, हे मात्र निकालपत्र वाचूनच ठरवावे. कामगाराला यशाची टक्केवारी उपयोगी पडेल; पण त्याचे प्रकरण ऐकणाऱ्याने ती टक्केवारी विसरूनच ऐकले पाहिजे.