हौदा ज्याचा त्याचा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून उभी असते ती ‘आयशर’. उत्तरेत तशाच गाडीला ‘कँटर’ म्हणतात. मूळ गाडी मित्सुबिशी फुसोची, जपानात 1963 पासून विकली जाणारी. 1980च्या दशकात आयशरने जपान्यांशी करार करून इंदूरजवळच्या पीथमपूरला ती बांधायला घेतली. त्याच काळात टोयोटा, निस्सान आणि माझदाही भारतीय भागीदार घेऊन उतरल्या होत्या, आणि 1986 मध्ये टाटांनी पुण्यातून 407 रस्त्यावर आणून सगळ्यांनाच घाम फोडला. डीसीएम-टोयोटाच्या जागी पुढे देवू आली, ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे गेली. आयशर टिकली.

कँटरची खरी ताकद मला तिच्या अर्धवटपणात दिसते. कंपनी चॅसिस, इंजिन आणि केबिन देते. मागे काय चढवायचं ते मालकाने ठरवायचं. केबिन इंजिनाच्या वर असल्याने पुढे नाक नाही, म्हणून तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो आणि गाडी अरुंद गल्लीतही वळते. इंडोनेशियात हीच गाडी ‘कोल्ट डिझेल’ म्हणून ओळखली जाते. पिवळी केबिन ही तिची खूण, आणि लाकडी हौद्यावर मालकाच्या पसंतीची चित्रं. वाळू, विटा, पामची फळं, काहीही भरा. ऑस्ट्रेलियात तिच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्तीवर लोक फिरती घरं बांधतात. युरोपसाठी ती 1980 पासून पोर्तुगालमधल्या त्रामागाल या छोट्या गावात जोडली जाते. युरोपात साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला ट्रकच्या हलक्या वर्गाचा परवाना चालतो, म्हणून कंपनीने तेवढ्या वजनात बसणारी गाडी दिली. प्रत्येक देशात शेवटचा हात तिथल्या कारागिराचा आणि तिथल्या नियमाचा.

इलेक्ट्रिक कँटर 2017 मध्ये आली तेव्हा मात्र हे सूत्र हरवलं होतं. एकच ठरावीक गाडी, एका चार्जवर जेमतेम शंभर किलोमीटर. 2022 मध्ये नवी पिढी दाखवताना कंपनीने वेगवेगळ्या लांबीच्या चॅसिस आणि लहान-मोठ्या बॅटऱ्या दिल्या. हा बदल मला बॅटरीच्या तंत्रापेक्षाही मोलाचा वाटतो.

मालकाची गरज ओळखण्याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथे आणि कॅनडात फुसोने 2020 मध्ये नव्या ट्रकची विक्री थांबवली. सुटे भाग आणि दुरुस्ती चालू राहील असं कंपनीने सांगितलं, पण ज्या गाडीचा शोरूम बंद झाला तिला जुन्या बाजारात कोण भाव देणार? छोट्या मालकासाठी हप्ते फिटल्यावरची वर्षंच कमाईची असतात. ती वर्षं धोक्यात घालून बाजार सोडणं हा माझ्या मते त्याच्यावरचा अन्याय आहे.

आपल्या कंपन्याही आज नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, आफ्रिकेत गाड्या पाठवतात. चेन्नईजवळच्या ओरगडममधून तर फुसोच्याच नावाने 2013 पासून मोठे ट्रक केनियासारख्या देशांत जातात. निर्यातीचे आकडे दरवर्षी थाटात जाहीर होतात. सोबत हेही जाहीर व्हावं: त्या देशात सुट्या भागांची गोदामं किती, किती फिटर तयार केले, आणि दहा वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची क्लच प्लेट राजधानीपासून लांबच्या गावात किती दिवसांत पोहोचते.