मोटारीचा टायर दुचाकीला

अमेरिकेत दूरच्या प्रवासाचे काही हौशी होंडा गोल्डविंगसारख्या अवजड मोटारसायकलीच्या १६ इंची मागच्या चाकाला चक्क मोटारीचा टायर चढवितात. आमच्या तिकडच्या भाच्यानेही तेच केले, आणि आमच्या बहिणीच्या जिवाला घोर लागला. हा टायर अधिक टिकतो, हे खरे. परंतु मोटारसायकल वळणावर कलते. म्हणून तिच्या टायरची पाठ गोलसर असते. मोटारीची पाठ सपाट; कलताना भार तिच्या कडेवर येतो आणि हँडल जड लागते. रिमवर बसणाऱ्या काठाची घडणही निराळी. उत्पादक नकोच म्हणतात. भाचा मात्र हजारो मैल निर्धास्त हिंडल्याचे ऐकवितो. मागे सूनबाई बसतात, याची आम्ही त्याला आठवण दिली. पुढचा टायर मोटारसायकलीचाच घेईन, असे त्याने तूर्त कबूल केले आहे.