स्वागताची खरी कसोटी
चर्चच्या दारावर ‘सर्वांचे स्वागत’ असे लिहिणे सोपे. त्या स्वागताची कसोटी दफनभूमीत लागते. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती बांधवांच्या कबरी आजही वेगळ्या आहेत. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. ही पावले महत्त्वाचीच. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातींचा दर्जा नाकारला जातो. तो मिळावा, ही मागणीही रास्त आहे. परंतु शासनाकडे समतेचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्याच दफनभूमीतील भिंत आधी पाडली पाहिजे. मृत्यूनंतरही जे वेगळे ठेवते, त्याला स्वागत म्हणता येणार नाही.